निरीक्षण आणि रेखन : हलत्या चित्रांच्या विद्यार्थ्याची वाटचाल

प्राथमिक शाळेतील मुलास बैलाचे चित्र काढावयास सांगितले असता तो बहुधा एक आडवे अंग, त्याखाली चार सरळ खुंट्या, एक शेपूट व दोन शिंगे काढून मोकळा होतो. हा मुलगा बैल रोज पाहतो. त्यास पाणी पाजतो, त्याच्या पाठीवर हात फिरवितो. तरीही बैलाचा पाय कोठे वाकतो हे त्याच्या चित्रात उतरत नाही. उणीव हाताच्या कसबाची आहे, असे समजून शिक्षक त्यास फळ्यावरील चित्राची नक्कल करावयास लावतात. नक्कल साधते, परंतु बैल कसा चालतो हे त्या मुलास पूर्वीइतकेच अज्ञात राहते. पाहणे आणि ध्यानपूर्वक पाहणे ह्यांतील हे अंतर ज्या कलेत सर्वांत उघडपणे दिसून येते, ती कला म्हणजे हलत्या चित्रांची कला होय. ह्या कलेस अ‍ॅनिमेशन असे म्हणतात. तिच्या विद्यार्थ्याची प्रगती कोणत्या पायऱ्यांनी होते, हे समजून घेतल्यास चित्रकला, भाषा व निसर्गअभ्यास ह्या तिन्ही विषयांच्या अध्यापनास त्याचा उपयोग होईल.

१. हलते चित्र म्हणजे काय?

चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे एकामागून एक येतात. प्रत्येक चित्र स्थिर असते. परंतु लागोपाठच्या चित्रांतील फरक थोडा असल्यामुळे पाहणाऱ्यास अखंड हालचालीचा भास होतो. हाताने चित्रे काढणारे कलावंत पुष्कळदा एकच चित्र दोन वेळा छायांकित करतात. अशा वेळी एका सेकंदास १२ चित्रे पुरतात. म्हणजे अवघ्या एका मिनिटाच्या हालचालीसाठी ७२० चित्रे लागतात.

ही सर्व चित्रे क्रमाने काढीत जावे असे नाही. हालचालीतील महत्त्वाच्या अवस्था प्रथम काढून घेतात. त्यांना मुख्य चित्रे म्हणता येईल. त्यानंतर दोन मुख्य चित्रांमधील जागा भरून काढणारी मधली चित्रे तयार होतात. मुख्य चित्रे कोणती निवडावी आणि त्यांच्या मध्ये किती चित्रे घालावी, ह्या दोन प्रश्नांत ह्या कलेचे बहुतेक मर्म सामावलेले आहे. मधली चित्रे अधिक घातली की हालचाल संथ होते, कमी घातली की ती चपळ होते. आता हे काम बहुतांशी संगणकावर चालते. पात्राच्या अंगात सांध्यासांध्यांचा एक अदृश्य सांगाडा बसविलेला असतो व विद्यार्थी त्याचे सांधे फिरवितो. मधल्या अवस्था यंत्र भरून देते. परंतु यंत्राला बैल ठाऊक नाही. बैलाचे ज्ञान विद्यार्थ्यालाच आणावे लागते.

२. डोळ्यांची फसगत

मनुष्याने हजारो वर्षे घोडा पाळला, त्यावर स्वारी केली, त्याची असंख्य चित्रे काढली. तरी भरधाव घोड्याचे पाय कसे पडतात हे त्यास ठाऊक नव्हते. युरोपातील जुन्या शर्यतींच्या चित्रांत धावणाऱ्या घोड्याचे पुढील दोन पाय पुढे व मागील दोन पाय मागे ताणलेले दाखविलेले असत. अंग जमिनीवरून उचललेले आणि चारही पाय बाहेर फेकलेले, अशीच ती ठरीव आकृती होती.

१८७८ साली जून महिन्यात अमेरिकेतील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज ह्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे एका रांगेत मांडले. घोडा पुढून जाताच ते एकामागून एक उघडतील अशी योजना होती. मिळालेल्या छायाचित्रांत असे दिसून आले की, घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे खरे. परंतु त्या क्षणी ते बाहेर ताणलेले नसून पोटाखाली आखडलेले असतात. चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी जी आकृती खरी मानली होती ती धावत्या घोड्यात कोठेच आढळली नाही. पुढे १८८७ साली मायब्रिजने प्राण्यांच्या व मनुष्यांच्या हालचालींचे ७८१ चित्रफलक प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये एत्येन-झ्यूल मारे ह्या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून उडत्या पक्ष्यांच्या पंखांच्या अवस्था टिपल्या. हलत्या चित्रांचा आजचा विद्यार्थीही ही छायाचित्रे समोर ठेवून अभ्यास करतो.

ह्या घटनेतून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध असा की, चुकीचे चित्र हे मूर्खपणाचे लक्षण नव्हे. मोठमोठे चित्रकारही जे ठाऊक आहे असे वाटत होते तेच काढीत राहिले. विद्यार्थ्याच्या प्रगतीची पहिली खूण म्हणजे ‘मला हे ठाऊक आहे’ ह्या समजुतीबद्दल त्याच्या मनात उत्पन्न झालेली शंका होय.

३. पहिली पायरी : चेंडू आणि पोते

ह्या कलेच्या विद्यार्थ्यास आरंभी मनुष्य किंवा प्राणी देत नाहीत. त्यास एक चेंडू देतात. सुमारे सव्वा मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीस टेकतो. सेकंदाला १२ चित्रे ह्या हिशेबाने ह्या पतनाचे सहा भाग होतात. नवशिका विद्यार्थी हे सहा भाग सारखे करतो. त्याचा चेंडू पडद्यावर दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. प्रत्यक्षात पहिल्या भागात चेंडू सुमारे साडेतीन सेंटिमीटर उतरतो, तर शेवटच्या भागात सुमारे सदतीस. ही अंतरे १, ३, ५, ७, ९, ११ ह्या प्रमाणात वाढत जातात. विद्यार्थ्याने ही अंतरे योग्य प्रमाणात ठेवली की त्याच कागदावरील तेच वर्तुळ एकाएकी जड होते. वजन रेषेच्या जाडीत नसून अंतरांच्या मांडणीत आहे, हा त्याचा पहिला शोध असतो.

त्यानंतर चेंडू आपटताना किंचित दबतो व उसळताना किंचित ताणला जातो हे दाखवावयाचे असते. परंतु दबताना तो लहान होता कामा नये. रुंद झाला तेवढाच उंचीत कमी झाला पाहिजे. लोखंडी गोळा मुळीच दबत नाही व फार उसळत नाही, रबरी चेंडू उसळतो, कापसाचा गोळा आपटून तेथेच बसतो. एकाच वर्तुळातून हे तीन पदार्थ ओळखता आले की पहिली पायरी पूर्ण झाली.

दुसरा धडा अर्धवट भरलेल्या पिठाच्या पोत्याचा. त्यास डोके नाही, हात नाहीत, तोंड नाही. केवळ चार कोपरे आहेत. तरीही ते पोते थकलेले, आनंदित किंवा घाबरलेले दाखवावयाचे असते. चेहऱ्याचा आधार नसल्यामुळे विद्यार्थ्यास अंगाच्या ठेवणीतून भाव व्यक्त करणे भाग पडते.

४. दुसरी पायरी : मनुष्याची चाल

चालणे म्हणजे तोल जाणे व तो पुन्हा सावरणे. अंग पुढे झुकते, पडण्याच्या बेतात असते आणि तेवढ्यात पुढचा पाय येऊन त्यास धरतो. सर्वसाधारण मनुष्य सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. म्हणून एका पावलास पडद्यावरील १२ चित्रांचा अवधी मिळतो. त्यात चार मुख्य अवस्था येतात : पुढची टाच जमिनीस लागते ती पहिली, त्या पायावर भार येऊन गुडघा वाकतो व डोके सर्वांत खाली जाते ती दुसरी, मागचा पाय उभ्या पायाजवळून पुढे जातो ती तिसरी, आणि अंग उंचावून पुढे झुकते ती चौथी.

नवशिक्याच्या चित्रात डोके एका सरळ रेषेत सरकते. मनुष्य चालण्याऐवजी घसरत आहे असे वाटते. डोक्याचा हा चढउतार ध्यानात आला की दुसरी चूक दिसू लागते. उजवा पाय पुढे जाताना डावा हात पुढे जातो हे सर्वांस ठाऊक असते. परंतु कंबर एका दिशेस वळत असता खांदे उलट दिशेस वळतात, हे चित्रात आणण्यास फार दिवस लागतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चेंडूच्या धड्यात उत्तम ठरलेला विद्यार्थी चालीच्या धड्यात आला की एकदम मागे पडल्यासारखा दिसतो. त्याची पात्रे ताठ होतात, रेषा अडखळतात. वस्तुतः तो मागे पडलेला नसतो. पूर्वी एकाच वस्तूकडे लक्ष द्यावयाचे होते, आता दहा सांध्यांकडे एकाच वेळी द्यावयाचे आहे. नव्या पायरीवर जुने कौशल्य काही काळ झाकले जाणे हा शिकण्याचा स्वाभाविक क्रम आहे. बेरजेत पटाईत असलेले मूल हातच्याच्या वजाबाकीत गडबडते, तोच हा प्रकार होय. अशा वेळी शिक्षकाने ‘पूर्वी तू बरा होतास’ असे म्हटले तर विद्यार्थी मागील पायरीवर परत जाऊन तेथेच सुरक्षित राहू पाहतो. त्याचे पुढील शिक्षण ह्या एका वाक्याने खुंटू शकते.

५. तिसरी पायरी : चतुष्पाद प्राणी

चार पायांचा प्राणी म्हणजे दोन मनुष्ये मागेपुढे जोडणे, अशी नवशिक्याची समजूत असते. तिचा निरास करण्यास प्राण्याच्या हाडांचा अभ्यास करावा लागतो. बैलाच्या पुढील पायाच्या मध्यभागी जो सांधा दिसतो त्यास लोक गुडघा म्हणतात. परंतु रचनेच्या दृष्टीने ते मनगट आहे. खरे कोपर वर, छातीलगत असते. मागील पायात मागे टोक आलेला जो सांधा दिसतो ती टाच होय. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. मनुष्य व अस्वल सर्व तळवा टेकून चालतात, कुत्रा बोटांवर चालतो, बैल दोन बोटांच्या खुरांवर चालतो, आणि घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या खुरावर आपला सर्व भार पेलतो. एवढे समजले की खुंट्यांसारखे पाय पुन्हा निघत नाहीत.

पावलांचा क्रमही ठरलेला असतो. संथ चालणारा बैल प्रथम डावा मागचा पाय टाकतो, नंतर डावा पुढचा, नंतर उजवा मागचा, व शेवटी उजवा पुढचा. मागचे पाऊल त्याच बाजूच्या पुढच्या पावलाच्या ठशाजवळ येऊन पडते. दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्यात हा क्रम बदलून समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने पडतात. उंट धावताना एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो, म्हणून त्यावर बसलेला मनुष्य डावीउजवीकडे हेलकावतो.

ह्या पायरीवर केवळ एखादा विद्यार्थी नव्हे, तर एक संपूर्ण कलागृह कसे शिकत गेले ह्याचे उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने ह्यांच्या कलागृहात १९३२ च्या अखेरीपासून डॉन ग्रॅहॅम हे कलाशिक्षक नोकरीतील चित्रकारांसाठी वर्ग घेऊ लागले. तेथे जिवंत व्यक्ती समोर ठेवून रेखाटन होई आणि चित्रफिती एकेक चित्र थांबवून तपासल्या जात. हिमगौरीच्या कथेवरील त्यांचा पहिला दीर्घ चित्रपट १९३७ च्या डिसेंबरात प्रथम दाखविण्यात आला. त्यातील हरणे गोड आहेत. तथापि त्यांच्या कातड्याखाली हाडे असल्याचा भास फारसा होत नाही. पुढे बाम्बी ह्या हरणाच्या पाडसावरील चित्रपटासाठी त्याच कलागृहाने प्राण्यांच्या शरीररचनेचे शिक्षण देण्यास रिको लेब्रन ह्या चित्रकारास पाचारण केले आणि दोन जिवंत पाडसे आवारात आणून ठेवली. १९४२ साली प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटातील पाडस उठताना धडपडते, बर्फावर घसरते, आणि प्रत्येक वेळी त्याच्या लांब पायांतील सांधे प्रत्ययास येतात. ह्या दोन चित्रपटांत पाच वर्षांचे अंतर आहे. नामांकित चित्रकारही पोटापाण्याचा व्यवसाय चालू असता पुन्हा विद्यार्थी होऊन पाडसासमोर बसले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

६. चौथी पायरी : हालचालीतून स्वभाव

बिनचूक चाल साधली म्हणजे पात्र जिवंत झाले असे नाही. सकाळी गोठ्यातून सुटलेला बैल आणि सायंकाळी नांगर सोडून परतणारा बैल ह्यांच्या पावलांचा क्रम एकच असतो. परंतु सायंकाळच्या बैलाची मान खाली आलेली असते, खूर जमिनीस घासत असतात, पाऊल टाकण्यापूर्वी किंचित थांबल्यासारखे होते. हा फरक ज्यास दाखविता आला त्याने केवळ हालचालीचे नव्हे, तर प्राण्याच्या अवस्थेचे चित्र काढले.

फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन ह्या डिस्ने ह्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या कलेची बारा तत्त्वे नोंदविली आहेत. त्यांपैकी पूर्वतयारीचे तत्त्व शिक्षकांस उपयुक्त वाटेल. कोणतीही जोरदार क्रिया करण्यापूर्वी अंग उलट दिशेस जाते. उडी मारणारे मांजर आधी दबते, दगड फेकणारा मुलगा हात आधी मागे नेतो. ही तयारी गाळली की पुढील क्रिया प्रेक्षकांस पटत नाही. दुसरे तत्त्व मागाहून येणाऱ्या हालचालींचे. धावता कुत्रा थांबला तरी त्याचे कान व शेपूट क्षणभर पुढे जात राहतात. तिसरे तत्त्व कमानीचे. सजीवांचे हातपाय बहुधा सरळ रेषेत न फिरता कमानीत फिरतात. कारण ते सांध्याभोवती वळत असतात.

७. ह्या कलेचा आपल्याकडील प्रवास

दादासाहेब फाळके ह्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ सालचा चित्रपट काढण्यापूर्वी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अंतराने छायांकित केली. ती चित्रफीत पाहून त्यांस भांडवल मिळण्यास साहाय्य झाले. पुढे त्यांनी आगकाड्या किंचित किंचित हलवून त्यांचीही गमतीची चित्रफीत तयार केली. १९५६ साली डिस्ने ह्यांच्याकडे काम केलेले क्लेअर वीक्स हे चित्रकार मुंबईस येऊन त्या वेळच्या फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्र विभागात तरुणांस शिकवू लागले. तेथे जातककथेवर आधारलेला, वटवृक्षाखालील हरणाचा चित्रपट १९५७ साली तयार झाला. त्याच विभागात शिकलेले राम मोहन (१९३१–२०१९) हे पुढे भारतातील ह्या कलेचे अग्रणी मानले गेले. जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या गोष्टीतून एकी शिकविणारा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट १९७४ साली विजया मुळे ह्यांनी शिक्षणाच्या हेतूने सिद्ध केला. कित्येक शिक्षकांनी तो बालपणी पाहिलेला असेल.

८. वर्गात करावयाचे उपक्रम

(अ) चेंडू : एक मुलगा भिंतीजवळ चेंडू सोडील व इतर मुले तो कोठे वेगाने जातो, कोठे थबकल्यासारखा वाटतो हे सांगतील. उसळीच्या टोकाशी चेंडू मंदावतो, हे मुलांनी स्वतः सांगावे. शिक्षकांनी आधी सांगू नये.

(आ) वहीचा कोपरा : जुन्या वहीच्या २४ पानांच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर चेंडूची २४ चित्रे काढावी. शेवटच्या पानापासून आरंभ करावा, म्हणजे खालच्या पानावरील आकृती वरच्या पानातून अंधुक दिसते. पाने अंगठ्याने भराभर सोडली असता चेंडू उडू लागतो. पुष्कळ मुले हा खेळ आपण होऊन पाठ्यपुस्तकांच्या कडेस करीत असतात. त्याबद्दल शिक्षा करण्यापूर्वी शिक्षकांनी ती पाने एकवार सोडून पाहावी. पुस्तक जपण्याची शिस्त अवश्य लावावी. परंतु त्या मुलास एक जुनी वही द्यावी.

(इ) पावलांचा क्रम : गावातून बैल, शेळी, कुत्रा व कोंबडी जाताना मुलांनी पाच मिनिटे पाहावे व पावलांचा क्रम तोंडी सांगावा. चिमणी दोन्ही पायांनी टुणटुण उडते, साळुंकी पाऊल टाकून चालते, कावळा दोन्ही करतो. आणि कोंबडी चालताना तिचे डोके क्षणभर एका जागी ठरून मग पुढे झेपावते. ह्या नोंदी भाषेच्या तासास लिहून घ्याव्या. त्यासाठी लागणारी लंगडणे, दुडदुडणे, ठुमकणे, रेंगाळणे, झेपावणे, सरपटणे ही क्रियापदे मुलांच्या बोलीत आहेतच.

(ई) मातीचा बैल : पोळ्यास मुले मातीचे बैल करतात. ओल्या मातीचा बैल स्थिर पार्श्वभूमीसमोर ठेवून, भ्रमणध्वनी एका जागी पक्का बसवून, बैल दरवेळी किंचित हलवीत छायाचित्रे घ्यावी. सुमारे ५० छायाचित्रे लागोपाठ दाखविली असता सेकंदाला १२ ह्या गतीने चार सेकंदांची हालचाल मिळते. पाय कोणता आधी उचलावा ह्यावर मुलांत वाद होईल. तो मिटविण्यास शिक्षकांनी उत्तर न देता मुलांस गोठ्याकडे पाठवावे.

९. प्रगतीची पारख

ह्या उपक्रमांत सुबक रेषेस गुण देऊ नयेत. पुढील प्रश्न शिक्षकांनी स्वतःस विचारावे. मुलाने पूर्वी न पाहिलेली कोणती गोष्ट ह्या खेपेस पाहिली? त्याची आजची चूक मागच्या महिन्यातील चुकीहून निराळी आहे काय? चित्र चुकले हे त्याने स्वतः ओळखले काय, आणि ते कोठे चुकले हे बोट ठेवून दाखविले काय? जुनीच चूक पुनःपुन्हा होत असेल तर त्यास साहाय्य हवे आहे. चूक नवी असेल तर तो पुढच्या पायरीवर चढला आहे. वर्षाच्या आरंभीचे व अखेरचे चित्र एकत्र जपून ठेवून मुलासमोर मांडल्यास त्यास आपली वाटचाल आपल्याच डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या मुलाच्या चित्राशी तुलना करण्याची मग गरज उरत नाही.

गावातील थोडीच मुले पुढे ह्या व्यवसायात जातील. परंतु सर्व मुलांस गुरे, पिके, माणसे व कामे ह्यांच्यामध्ये आयुष्य काढावयाचे आहे. लंगडणाऱ्या जनावराचा कोणता पाय दुखतो हे पावलांच्या पडण्यावरून ओळखणे, वृद्धाच्या चालीतील थकवा दिसताच हातातील ओझे घेणे, ही ध्यानपूर्वक पाहण्याचीच फळे आहेत. बैलाच्या चार खुंट्यांना सांधे फुटले, की शिक्षकांनी समजावे की मुलाची नजर बैलापर्यंत पोहोचली.